हॉल गार, मागची खोली तापलेली

प्रश्न: फुलेवाडीत आमचं दुमजली घर आहे. वरच्या हॉलमध्ये दीड टनाचा स्प्लिट एसी आहे. हॉल गार होतो, पण लागूनच असलेल्या बेडरूममध्ये एप्रिल-मेमध्ये रात्री अकरापर्यंत पाठ टेकवत नाही. अमेरिकेतल्या भाच्यानं अशाच एका खोलीत जमिनीतल्या जाळीवर 'बूस्टर फॅन' बसवलाय, त्याला फरक पडला. येताना एक आणतो म्हणतोय. आमच्याकडे चालेल का? दुसऱ्या एसीला यजमान तयार नाहीत, बिल वाढेल म्हणतात.
– एक वाचक, फुलेवाडी

उत्तर: ताई, भाच्याला म्हणावं, बॅगेतली ती जागा खाऊला ठेव. तिकडच्या घरात एकच मोठं यंत्र असतं आणि पत्र्याच्या डक्टमधून प्रत्येक खोलीच्या जाळीपर्यंत हवा जाते. लांबच्या खोलीत ती कमी पोचते, म्हणून जाळीवर छोटा पंखा बसवून ओढायची. तुमच्याकडे डक्टच नाही, तर पंखा ओढणार कुठून? शिवाय तिकडची वीज 120 व्होल्टची, आपली 230 ची.

उद्यमनगरात राहून मी शोरूम आणि मंगल कार्यालयांच्या डक्टची कामं बरीच केली. तिथंही कोपरा तापतोय म्हटलं की मालक आधी पंखाच मागतो. मी आधी फिल्टर बघतो, मग डँपर (डक्टमधली हवा कमी-जास्त करणारी झडप), मग सांधे. निम्म्या वेळी हवा माळ्यावरच्या उघड्या सांध्यातून गळत असते. हे सगळं ठीक असताना बूस्टर लावला तर तो थोडीफार मदत करतो, पण नळाला मोटार लावल्यासारखी: तुमची टाकी भरते, शेजाऱ्याचं पाणी कमी होतं. पंखा गारवा तयार करत नाही, फक्त वाटून देतो.

आणि वाटून किती देतो, तेही बघा. सहा इंची पंखा तासाला 200 घनमीटर हवा ढकलतो असं धरू. हॉल आणि बेडरूममध्ये 6 अंशांचा फरक असेल, तर त्या हवेतून साधारण 400 वॅटचा गारवा जातो. एक टन म्हणजे साडेतीन हजार वॅट. म्हणजे टनाचा नववा हिस्सा! तुमच्या बेडरूमवर थेट गच्ची असणार. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खाली उष्णता सोडत राहतो आणि सीलिंग फॅन तीच छताजवळची गरम हवा तुमच्या अंगावर आणतो. एवढ्या गारव्यानं त्या स्लॅबचं काय होणार?

म्हणून आधी गच्ची. उन्हाळ्याच्या तोंडावर ती घासून, धुऊन, वाळवून पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग मारा. आपल्या पावसात चुना टिकत नाही, दरवर्षी मारावा लागतो, पण खर्च फार नाही. पांढऱ्या चिनी तुकड्यांचा कोबा जास्त टिकतो, मात्र पावसात त्यावर पाय घसरतो. घरात म्हातारी माणसं असतील तर विचार करून करा. पश्चिमेच्या खिडकीला ताडपत्री किंवा चटई बाहेरून लावा. आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोचलं म्हणजे ते घरात आलंच.

कोल्हापुरात उन्हाळ्यातही रात्री बहुतेक वेळा वारा सुटतो, त्याचा फायदा घ्या. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की बेडरूमची खिडकी उघडा आणि समोरच्या बाजूला एक्झॉस्ट लावून आतली हवा बाहेर फेका. एसी मात्र तेवढा वेळ बंद ठेवा.

हॉलचा गारवा वापरायचाच असेल, तर गार हवा जड असते, ती खाली बसते. टेबल फॅन हॉलमध्ये दाराशी जमिनीवर ठेवून तोंड बेडरूमकडे करा आणि दारावरचा झरोका उघडा ठेवा, म्हणजे वरची गरम हवा हॉलमध्ये परत येईल. दार लावून, फटी बुजवून पंखा लावणारे मी पाहिलेत. परतीला वाट नसेल तर हवा आत शिरतच नाही. याला नवीन काही विकत घ्यावं लागत नाही, आज रात्रीच करून बघा.

एवढं करूनही झोप लागली नाही, तर यजमानांना हा अंक दाखवा. बेडरूमला एक टनाचा एसी घ्या, 26 वर ठेवा, सोबत पंखा मंद, आणि रात्री हॉलचा दीड टनाचा एसी बंद. तोही चालू ठेवलात, तर बिलाबद्दल यजमान म्हणत होते ते खरं ठरेल.