हॅलोविनचा ड्रेस शिवून आणू नकोस, मोडकी छत्री आण

तू विचारलंयस की सप्टेंबरात न्यू जर्सीला येतोय, मुलगी सहा वर्षांची, बॅगेत काय काय भरू, आणि आल्या आल्या हॅलोविन असतं, 31 ऑक्टोबरला मुलं सोंगं घेऊन दारोदार चॉकलेट मागत फिरतात ते, तर त्याचा ड्रेस इथल्याच शिंप्याकडून शिवून आणू का, तिकडे महाग पडतो म्हणे. उत्तर खरं तर दोन शब्दांचं आहे, नको आणूस. तेवढं लिहून झोपणार होते, पण माझा मुलगाही येताना सहाचाच होता, 2015 साली, त्यामुळे आता बसलेय टाइप करत.

व्हिसा, बॅगेचं वजन, घरभाडं हे सगळं तुला साइटवर मिळेल, मी नाही लिहीत. लसीकरणाचं मात्र लिहिते कारण ते कुणीच सांगत नाही. आपली फाइल असते डॉक्टरांच्या अक्षरातली, त्यात 05/07 असं लिहिलेलं, म्हणजे आपली 5 जुलै आणि यांची 7 मे. शाळेच्या नर्सने तारखा उलट्या वाचल्या आणि अर्ध्या लसी चुकीच्या वयात दिल्यात म्हणून कागद परत. त्यात आपल्याकडे गोवराची लस नवव्या महिन्यात देतात, इथे पहिल्या वाढदिवसाच्या आधीची धरतच नाहीत. तीन चकरा मारल्या मी, त्याही चालत, कारण लायसन्स नव्हतं. तेव्हा डॉक्टरांकडून लेटरहेडवर महिना अक्षरात लिहून घे, आणि भाडेकरारावर तुझंही नाव घाल, नुसतं नवऱ्याचं नको. माझ्या डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या, काम करायची परवानगी नव्हती म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, नाही, तो नाही म्हणून फोन नवऱ्याच्या नावावर, बिलं नवऱ्याच्या नावावर, लायब्ररीचं कार्ड काढायला गेले तर पत्त्याचा पुरावा कुठाय. पुण्यात नऊ वर्षं नोकरी केलेली बाई मी.

आणि शाळेत नाव घालताना एक फॉर्म देतील, घरी कोणती भाषा बोलता. मी मराठी लिहिलं. खरंच होतं ते. मग त्याची इंग्रजीची परीक्षा घेतली, येऊन चौथा दिवस, पोराची झोपेची वेळ, समोर अनोळखी बाई, हा तोंडच उघडेना. पुण्यात इंग्लिश मीडियमला होता गं, पुस्तकं वाचायचा! दीड वर्ष त्याला रोज वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत नेत होते आणि नेमका लायब्ररीचा तास जायचा त्याचा. शिक्षिका प्रेमळ होत्या, त्यांच्याबद्दल काही नाही. पण मी काय लिहायला हवं होतं हे मला अजून ठरवता येत नाही. तू काय लिहावंस तेही नाही सांगणार. फक्त परीक्षा दोन आठवडे पुढे ढकलता येते का ते विचार, मी विचारलंच नाही.

हां, तर ड्रेस. पहिल्या वर्षी मला वाटलं त्यात काय, आपल्या शाळेतली वेशभूषा स्पर्धाच ही, आपण तर पटाईत. नवऱ्याचा पांढरा झब्बा बाह्यांना दुमडून टाचला, कमरेला माझी बांधणीची ओढणी शेला म्हणून, आईच्या सुती साडीचं मुंडासं, काजळाची मिशी. अस्सल मावळा. पुठ्ठ्याची ढाल-तलवार केली ती शाळेच्या दारातच काढून घेतली, कसलंही हत्यार चालत नाही, खोटंसुद्धा, आणि बऱ्याच शाळांत मुखवटापण नाही. मग मैदानात मुलांची मिरवणूक निघते, आईबाप कडेला फोटो काढत उभे. त्याच्या बाई वाकून मोठ्या कौतुकाने म्हणाल्या, ओहो, पायरेट! त्याने माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे, आणि म्हणाला, येस. मी तीन हातांवर उभी होते. नुसतं हसले. संध्याकाळी प्रत्येक दारात पायरेट, पायरेट, आणि तिसऱ्या घरापासून तो एक डोळा मिटायला लागला.

पुढच्या वर्षी म्हणाला, मला खरा पायरेट पाहिजे, दुकानातला. आणला, पस्तीस डॉलर, पातळ चकचकीत कापड, रात्रीपर्यंत शिवणीत उसवला. शिवाय 1 नोव्हेंबरला तोच अर्ध्या किमतीत.

तिसऱ्या वर्षी मात्र जमलं. सासूबाईंनी हट्टाने बॅगेत कोंबलेली काळी तीन घडीची छत्री इथल्या वाऱ्यात उलटी होऊन मोडली होती. तिच्या काड्या-दांडा काढून टाकला, कापडाच्या आठ पाकळ्या असतात त्यातल्या तीन-तीन एकसंध कापून घेतल्या. छत्रीचं टोक येतं बरोबर काखेत, एक कड बाहीला, दुसरी अंगाच्या शिवणीला, आणि खालची कमानदार कड आपोआप वटवाघळाच्या पंखासारखी दिसते. हे सगळं काळ्या हुडीला नुसत्या धावदोऱ्याने, म्हणजे दुसऱ्या दिवशी दोरा ओढला की हुडी परत शाळेला. कान काळ्या मोज्याचे, आत कापूस. बाहेरचा खर्च शून्य, पाऊस आला तरी फिकीर नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी ममी, ते इजिप्तमधलं पट्ट्यांत गुंडाळलेलं प्रेत. आजोबांच्या जुन्या धोतराच्या दोन-दोन बोटांच्या पट्ट्या, कात्रीने नाही, हाताने टरकावायच्या म्हणजे दशा निघतात. चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवून वाळवल्या आणि पांढऱ्या थर्मलवर आडव्या-तिडव्या टाके घालून लावल्या. अंगाभोवती गुंडाळायच्या भानगडीत पडू नकोस, अर्ध्या तासात सुटतात आणि पोराला शू लागली की संपलंच. आणि जे काही करशील ते एक माप मोठं कर, 31 ऑक्टोबरला सहाच्या सुमारास अंधार पडतो आणि थंडी असते. आत थर्मल बसलं नाही तर वरून जॅकेट घालावं लागतं, मग तुझी सगळी कलाकारी झाकली जाते. झगा लांब ठेवू नकोस, पायऱ्यांवर अडखळतात, दारात कोरून ठेवलेल्या भोपळ्यांत मेणबत्त्याही असतात.

एकटेपणाचं विचारलंयस. होतं, सवय होते, पुढे.

बरं, थोडं लिहिते. दिवाळी याच दिवसांत येते. 2024 ला नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी होते, गुरुवार. पहाटे उटणं लावायला उठवलं तर म्हणाला, आई, आज टेस्ट आहे. एकटीनेच अभ्यंगस्नान केलं, चकलीचा डबा उघडला, तिकडे फोन लावला तर तिथे संध्याकाळ झालेली, मागे फटाके, कुणाला काही ऐकू येत नव्हतं. रात्री दाराबाहेर पणती आणि भोपळा शेजारीशेजारी, दिवा लावलेला असला की मुलं येतात, तशी आली. एक छोटी मुलगी पणतीकडे बोट दाखवून विचारायला लागली, मी सांगितलं. तिच्या आईने घाईने चॉकलेट उचलून दिलं तिला, रांग होती मागे.

त्या मुंडाशाची साडी मी कापली नव्हती, नुसत्या पिना. उकलून परत घडी करून ठेवलीय, काजळाचा डाग तेवढा राहिला.

तर जुनं धोतर किंवा पंचा, काळी छत्री, दोन-तीन ओढण्या, सेफ्टी पिनांचा जुडगा, सुईदोरा आण, बाकी काही नको. आणि तिला काय व्हायचंय ते तिला विचारलंस का? विचारून कळव, मग कापड किती लागेल ते सांगते.