दुसऱ्या भेटीची धास्ती

"पहिली भेट मस्त झाली, पण पुढच्या वेळी पितळ उघडं पडलं तर?" हा प्रश्न घेऊन ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत महिन्याकाठी कुणी ना कुणी येतंच. नव्या नोकरीत लागलेले येतात, आणि लग्न जमवायला निघालेले तर हमखास.

हा मुलगा 29 वर्षांचा. राहायला कळव्याला, नोकरी ऐरोलीत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, लिहायला त्याची हरकत नाही.) पाहण्याच्या कार्यक्रमात त्याने बाजी मारली होती. मुलीचे बाबा खळखळून हसले, आईने आग्रहाने पुन्हा पोहे वाढले आणि मुलीने आपणहून नंबर दिला. दुसरी भेट दोघांचीच, तलावपाळीला.

"तिथे आपटलो मॅडम."

त्याने मोबाईल पुढे केला. त्यात चक्क यादी होती: 'हरिश्चंद्रगडचा किस्सा', 'बॉसची नक्कल', 'फिरायला आवडतं का विचारणे'. प्रत्येकापुढे बरोबरची खूण. तलावाला एक फेरी होईस्तोवर यादी संपली. मग त्याने बॉसची नक्कल पुन्हा केली, जी तिने घरी आधीच पाहिली होती. ती हसली, पण "पाहुण्यांसमोर हसतात ना, तसं." तिसरी भेट शनिवारी होती आणि ती रद्द करायला सबब शोधत तो माझ्याकडे आला होता.

मी विचारलं, "पहिल्या दिवशी ती काय बोलली?"

तो गप्प. स्वतःची वाक्यं त्याला शब्दन् शब्द पाठ होती. तिचं मात्र आठवून आठवून सांगावं लागलं. कथक विशारदची परीक्षा राहून गेलीय, पुन्हा क्लास लावावा का, असं काहीतरी ती म्हणाली होती. आणि हो, काकांच्या जुन्या पेटीचा भाता हवा सोडतो, त्यावर हाच म्हणाला होता, "माझ्या ओळखीचे एक पेटीवाले आहेत, नंबर पाठवतो."

"पाठवलास?"

"राहिलं."

दोन आठवडे किस्से घोटण्यात गेले आणि एक फोन नंबर पाठवायचा राहिला! पहिली भेट दुसऱ्यांदा करून दाखवायची असते, असं पुष्कळांना वाटतं. तिथेच चुकतं. पहिल्या भेटीत समोरच्याने जे सांगितलं त्याची आठवण आणि आपण जे कबूल केलं ते पार पाडणं, दुसऱ्या भेटीत एवढंच लागतं.

त्याला मी सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाचा 1946 मधला प्रयोग सांगितला. एकाच माणसाची तीच सहा विशेषणं, पण एका गटाला 'बुद्धिमान'पासून वाचून दाखवली, दुसऱ्याला उलट क्रमाने, 'मत्सरी'पासून. पहिल्या गटाचं मत जास्त चांगलं झालं. आधी चांगलं कळलं की पुढचे दोषही माणूस सौम्य करून घेतो. म्हणजे एक शिळी नक्कल याला सहज माफ होती. शिवाय 2018 मध्ये एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गप्पा संपल्यावर आपण समोरच्याला किती आवडलो, याचा आपला अंदाज बहुधा कमीच निघतो. ते 'पाहुण्यांसमोरचं हसू' त्याने स्वतःच वाचलेलं होतं. तिने तसं काही म्हटलं नव्हतं.

सुरुवातीच्या काळात मीही अशा मुलांना 'डोळ्यांत बघून बोल, खांदे सरळ ठेव' वगैरे शिकवायचे. आता नाही शिकवत. आधीच स्वतःकडे बघत बसलेला माणूस त्याने आणखी बघत बसतो.

तिथेच बसून त्याने मेसेज लिहिला. आधी पाच ओळींची माफी होती, मी कापायला लावली. उरलं ते असं: 'सॉरी, उशीर झाला. काकांच्या पेटीसाठी हा नंबर.' शनिवारी यादी न्यायची नाही आणि कथकचं विचारल्यावर लगेच स्वतःचा ट्रेक काढायचा नाही, एवढंच ठरलं.

"आणि मध्येच शांतता पसरली तर?"

"पसरू दे. तलाव आहे ना समोर."

पुढच्या खेपेला आला तेव्हा तिघं मिळून पेटी दुरुस्तीला टाकून आले होते. तो, ती आणि काका. वाटेत काकाच बोलत होते, म्हणे. लग्नाचं अजून भिजत घोंगडं आहे, पत्रिका जुळत नाही असं त्याची आई म्हणते. त्यानंतरची माझी वेळ त्याने फोन करून पुढे ढकलली. कथकच्या क्लासची चौकशी करायला तिच्यासोबत जायचं होतं.