अर्धी मात्रा

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू आलीस, चहा घेतलास आणि चपला घालता घालता विचारलंस, "काका, तबला विकून टाकू का? नुसता पडून आहे." मी गप्प बसलो. तुझ्या काकूला वाटलं, मी रागावलो. तसं काही नव्हतं. उत्तर लांबलचक होतं आणि तू दारात उभी होतीस, म्हणून हे पत्र.

तुझा हिशेब मला कळला. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांपैकी प्रवेशिका झाल्या, मध्यमा राहिली. मिहानमधल्या कंपनीतली नोकरी सकाळी घेऊन जाते आणि रात्री आणून सोडते. विशारद होणं नाही, स्टेज तर नाहीच, मग कशाला? हाच हिशेब मी सरकारी कचेरीत कारकून असताना केला होता. हिशेब करणं हा माझा पोटाचा धंदा, तरी तो चुकला.

तुला कोणीतरी वसंतरावांचा दाखला देईलच. वसंतराव देशपांडे, जन्म 1920, मूर्तिजापूरचे, नागपुरात वाढले, इथेच शिकले. कितीतरी वर्षं लष्करी हिशेब खात्यात नोकरी करत गायले आणि आज सिव्हिल लाइन्समध्ये त्यांच्या नावाचं सभागृह आहे. हा दाखला मलाही दिला गेला आणि त्याने माझं नुकसानच झालं. कारण त्यातून मी काय घेतलं, तर आज कारकून, उद्या वसंतराव. उद्या काही उजाडेना, तेव्हा वाजवणंच फोल वाटू लागलं. फायली लिहिणारे सगळे वसंतराव होत नाहीत. व्हायची गरजही नाही.

मग बदली झाली, मुलं झाली, तबला माळ्यावर गेला. अकरा वर्षं! नागपूरच्या अकरा उन्हाळ्यांत टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर चामड्याचं काय होतं ते मी पाहिलंय. खाली काढला तर पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, कडेच्या चाटेशी फाटलेली, मधल्या काळ्या शाईला तडे, पुडी ताणणाऱ्या वाद्या वाळल्या शेंगेसारख्या. दुरुस्त करणाऱ्याने तो हातात फिरवून पाहिला आणि एवढंच विचारलं, "घरात कोणी वारलं होतं का?"

नवी पुडी बसली, पण मी कोणाबरोबर वाजवेना. आधी हात पहिल्यासारखा होऊ दे, मग बघू, असं ठरवलं होतं. हात काही पहिल्यासारखा होत नाही, बाळ. आणि एकट्याने खोलीत वाजवलेला तीनताल दोन महिन्यांत शिळा होतो.

वाचवलं ते बायकांच्या भजनी मंडळाने. आपल्या विदर्भात भजनी मंडळ नसलेलं गाव शोधून सापडायचं नाही. तुकडोजी महाराजांनी तर एका खंजिरीवर गावंच्या गावं जमवली. प्रतापनगरच्या या मंडळाचा तबलजी गुडघ्याने बसला आणि कोणीतरी माझं नाव सांगितलं. एका गुरुवारपुरता गेलो. त्याला आता तेवीस वर्षं झाली.

पहिल्या दिवशी माझी फजिती झाली. मंडळात म्होरक्या होत्या एक मावशी. शिकलेल्या नव्हत्या, पण आवाज असा की पंखा बंद करावा लागायचा नाही. तुकोबांचा एक अभंग त्या म्हणायच्या. साधा भजनी ठेका, आठ मात्रा. अंतरा संपवून ध्रुपदावर, म्हणजे पालुपदावर, येताना मावशी अर्धी मात्रा आधीच येत. दरवेळी तिथेच, अगदी तेवढीच. मी समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, धा द्यायचो तेव्हा त्या पुढे निघून गेलेल्या. दोनदा झालं, तिसऱ्यांदा मी थांबून म्हणालो, "मावशी, तिथे अर्धी मात्रा खाता तुम्ही." त्यांनी टाळ खाली ठेवले आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही मोजून राह्यले. आम्ही म्हणून राह्यलो."

घरी येऊन काकूजवळ खूप बोललो. अडाणी आहेत, ताल नाही, वगैरे. पुढच्या गुरुवारी जायचं नव्हतं, पण पाचलाच फोन: "भाऊ, येताय ना? सुरू करायचं थांबलो." तोवर आयुष्यात माझ्यासाठी काही थांबलं नव्हतं. कचेरीत मी रजेवर गेलो की टेबल दुसऱ्याकडे जायचं, तेवढंच.

मग मी त्यांच्याबरोबर वाजवायला शिकलो. अंतरा संपत आला की मावशींच्या हनुवटीकडे बघायचं. ती वर उचलली की चालू बोल तिथेच तोडायचा, डग्ग्यावरचा डावा हात दाबून घ्यायचा आणि त्यांच्या शब्दावर सम द्यायची. हे कुठल्या परीक्षेत नाही. जमलं त्या दिवशी मावशींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला त्या न बघण्याचाच आनंद झाला. लय बिघडली नाही, तर तबल्याकडे कोण बघतं?

म्हणून माझं सांगणं एवढंच की रियाजाच्या आधी अशी जागा शोध, जिथे तू नाही आलीस तर अडेल. वाजवणं चांगलं आहे की बरं आहे, ते नंतर पाहू. आपण हौशी माणसं रोजच्या जिद्दीवर टिकत नाही, कोणाच्या तरी गुरुवारावर टिकतो.

रियाजाचं म्हणशील तर वीस मिनिटं पुरे. फोनवर लेहरा, म्हणजे ठेक्याची फिरती धून, लाव, लय ठेव इतकी संथ की लाज वाटावी, आणि बोलांचा एकच कायदा महिनाभर धर. बाकीचं मेट्रोत. खापरीपासून छत्रपती चौकापर्यंत मनात बोलांची पढंत कर, मांडीवर बोटं चालव. शेजारचा माणूस सरकून बसेल, तेवढीच जास्त जागा.

आणि तबला सांभाळ. मे महिन्यात इथे 45 अंश होतं, पुडी ताणते, स्वर चढतो. तेव्हा हातोडी घेऊन गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, तुटून पडू नकोस, खालून हलके ठोके देऊन उतरव. पावसाळ्यात उलटं. कूलरच्या झोतात तर ठेवूच नकोस, ओल्या हवेने पुडी मऊ पडते आणि शाई निघायला लागते. कूलरचं आणखी एक दुखणं आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे मोटर घुमते ती 100च्या आसपास, म्हणजे पेटीच्या पट्ट्यांत पांढरी पाचच्या किंचित वर आणि काळी चारच्या खाली. मंडळाचा सा काळी चार! उन्हाळ्यात निम्म्या बायका पेटीबरोबर असतात आणि निम्म्या कूलरबरोबर.

मावशी गेल्याला आता सहा वर्षं होतील. त्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी तोच अभंग निघाला. म्हटलं, आता हा ठेका सरळ जाईल. अंतरा संपला आणि अकराच्या अकरा बायका अर्धी मात्रा आधी ध्रुपदावर आल्या. माझाही हात आपोआप तिथेच तुटला. कोणी काही बोललं नाही. अजूनही तसंच म्हणतात. मध्ये एक शिकलेला मुलगा पेटीवर बसला होता, तो दरवेळी तिथे अडखळायचा आणि माझ्याकडे रागाने बघायचा.

यात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. उजवा अंगठा दुखतो, गेल्या पावसाळ्यात तीन गुरुवार बुडाले. बायका टाळांवरच निभावून नेतात, पण मला घरी बसून ते सहन होत नाही.

तेव्हा या गुरुवारी ये. सहाला सुरू होतं. छत्रपती चौकाला उतर, मी स्कूटर घेऊन येतो, तबला मांडीवर नीट धर. तुझा काळी एकचा आहे, तो त्यांच्या मध्यमात, म्हणजे म स्वरात, वाजेल, चालतं. डग्गा तिथे आहे. तो अभंग तिसरा किंवा चौथा येतो. अंतरा संपत आला की मोजू नकोस, समोरच्या रांगेतल्या चष्मेवाल्या काकूंच्या हनुवटीकडे बघ.

तुझा,
काका