सदाफुलीची पानं चघळून साखर उतरते का?

सरळ सांगायचं तर, पानं चघळणं नकोच. मेघदूत उपवनात फिरायला येणाऱ्या कुणीतरी तुमच्या मधुमेही सासऱ्यांना रक्तातली साखर उतरवायला हा सल्ला दिला असं तुम्ही लिहिलंय. इंदुरात कुंड्याकुंड्यांतून ही फुलं दिसतात, म्हणजे औषध फुकटच!

गंमत अशी, की १९५०च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी ही वनस्पती मधुमेहासाठीच तपासायला घेतली होती. उंदरांची साखर काही हलली नाही. अर्क टोचल्यावर पांढऱ्या पेशी मात्र धडाधड घटल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध हाती लागलं, पुढे व्हिनक्रिस्टिन. ही अल्कलॉइडं, म्हणजे वनस्पतीतली शरीरावर जोरकस परिणाम करणारी द्रव्यं, पेशीतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतात. मग विभाजनासाठी लागणारे सूक्ष्म धागे जुळतच नाहीत आणि पेशी अर्ध्यावर अडकते. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिनक्रिस्टिन आजही देतात, पण शिरेतून, अगदी मोजूनमापून. तरीही बोटांना मुंग्या येतात, पोट साफ होत नाही.

पानात ही दोन द्रव्यं अत्यल्प असतात, हे खरं. पण एकूण अल्कलॉइडं शंभरावर आहेत. कुठल्या पानात काय नि किती, ते चघळून कसं कळणार? सासऱ्यांची चालू गोळी तेवढी बंद होऊ देऊ नका. पानं आधीच सुरू केली असतील तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.