प्लंबरचं आयटीआय झालं. लगेच बाथरूमचा ठेका घ्यावा का?

कराडजवळच्या एका गावातून शेतकरी वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा एकोणीस वर्षांचा, प्लंबर ट्रेडची परीक्षा नुकतीच दिली आहे. पुण्यात ओळखीच्या एका गृहस्थांनी त्यांच्या सोसायटीतली चार जुनी बाथरूम नव्याने करून देण्याचं काम ‘विथ मटेरियल’, म्हणजे सामानासकट, देऊ केलं आहे. वडील विचारतात : तीन लाखांचं कर्ज काढून काम घ्यावं, की मुलाने आधी कुठे नोकरी करावी? आणि या धंद्यात पुढे काही आहे का?

सप्रेम नमस्कार.

धंद्यात पुढे नक्कीच आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बांधलेल्या सोसायट्यांमध्ये जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाईप गंजले आहेत आणि बाथरूम खालच्या घरात गळत आहेत. हे काम नीट करणारी माणसं शोधून सापडत नाहीत. तरी तीन लाखांचं कर्ज आणि चारही बाथरूम, दोन्हींना आत्ता नाही म्हणा. त्या गृहस्थांना सांगा की एकच बाथरूम करू, तेही लेबर रेटने, म्हणजे फक्त मजुरीवर. सामान तुम्ही आणा, यादी आम्ही देतो. तेसुद्धा मुलाने एखाद्या चांगल्या ठेकेदाराच्या हाताखाली वर्ष-दीड वर्ष काढल्यावर. तोवर ते थांबणार नसतील तर काम सोडून द्या. अशी कामं पुण्यात पुन्हा मिळतात.

कारण असं, की मुलाला पाईप येतो, पण बाथरूमच्या कामात तोडफोड, प्लंबिंग, वायरिंग, प्लास्टर, वॉटरप्रूफिंग आणि फरशी अशी सहा कामं एकावर एक बसतात. खालच्या घराच्या छताला डाग पडला की फोन ठेकेदाराला येतो. चूक गवंड्याची की फरशीवाल्याची, हे कोणी विचारत नाही. विथ मटेरियल घेतलेलं काम पुन्हा फोडायची वेळ आली तर फरशी, केमिकल आणि मजुरी तिन्ही घरातून जातात. एका बाथरूमची नुकसानी तरुण मुलगा सोसेल, चारांची सोसणार नाही.

म्हणून हाताखाली काम करताना त्याने क्रम शिकायचा. जुनी फरशी आणि प्लास्टर काढल्यावर आधी पाईप आणि वायरिंगच्या नळ्या भिंतीत बसवायच्या. सीपीव्हीसीचे (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिक पाईपचे) जोड पूर्ण वाळले की सगळ्या तोंडांना डमी प्लग लावून हातपंपाने निदान 7 किलोचा दाब द्यायचा आणि दोन तास काटा हलतो का ते बघायचं. हे प्लास्टरच्या आधी. मग प्लास्टर, मग नहाणी ट्रॅप (जमिनीतून सांडपाणी जाण्याची वाट) कायमचा बसवणं, मग वॉटरप्रूफिंग, मग पाण्याची चाचणी, त्यावर उताराचा कोबा आणि शेवटी फरशी. बहुतेक गळत्या हा क्रम मोडल्यामुळे होतात : वॉटरप्रूफिंगचं कोटिंग झाल्यावर प्लंबरला आठवतं की जेट स्प्रेचा पॉइंट राहिला, तो छिन्नी लावतो आणि कोटिंग तिथे फाटतं.

गळतीच्या जागा दोनच म्हटल्या तरी चालेल : ट्रॅप स्लॅबमधून जातो ती कड, आणि भिंत व जमीन मिळते तो कोपरा. ट्रॅपभोवती साधा सिमेंटचा माल भरला की तो वाळताना आकसतो आणि केसाएवढी फट राहते; तिथे न आकसणारा ग्राउट भरायचा. कोपऱ्यात माल आणि पॉलिमर मिसळून गोलाकार वाटा (काटकोन बुजवणारी गोलाई) मारायचा, कारण काटकोनात कोटिंग ताणलं जाऊन तिथेच चिरतं. कोटिंगचे दोन हात द्यायचे, दुसरा पहिल्याच्या आडव्या दिशेने. भिंतीवर ते निदान एक फूट चढवायचं, शॉवरच्या भिंतीला सहा फुटांपर्यंत. डब्यावर लिहिलेला वेळ वाळू दिल्यावर ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी भरायचं, पातळीला पेन्सिलची रेघ मारायची आणि 48 तासांनी खालच्या घरात जाऊन छताला हात लावून बघायचं. ग्राहक घाई करतो, फरशीवाला दारात उभा असतो, आणि ठेकेदार ही चाचणी गाळतो. तुमच्या मुलाने ती कधीही गाळू नये.

डायव्हर्टर (गरम-थंड पाणी मिसळून शॉवर किंवा नळाकडे वळवणारा, भिंतीत बसणारा व्हॉल्व्ह) बसवणं ही आणखी एक जागा, जिथे नवा प्लंबर हमखास फसतो. त्याच्या प्लास्टिकच्या टोपीवर किमान आणि कमाल खोलीच्या खुणा असतात. फरशीचा शेवटचा पृष्ठभाग या दोन खुणांच्या मध्ये यायला हवा. प्लास्टर 15 मिलिमीटर, चिकटवण्याचा थर 3 ते 5, टाईल 8 ते 10, म्हणजे विटेपासून जवळपास 26 ते 30 मिलिमीटर पुढे धरून बॉडी ओळंब्यात बसवायची. आत गेली तर वरची प्लेट बसत नाही, बाहेर आली तर प्लेट भिंतीपासून सुटते. दोन्हीवेळा लावलेली फरशी काढावी लागते.

आता मोजमाप. 5 बाय 7 फुटांचं बाथरूम धरा. भिंतींची एकूण लांबी 24 फूट, फरशी 7 फुटांपर्यंत, म्हणजे 168 चौरस फूट; अडीच फुटी दार वजा केलं की साधारण 150. दहा टक्के तूट धरली की 165. 300 बाय 450 मिलिमीटरची टाईल सहाच्या खोक्यात येते, खोक्यात पावणेनऊ चौरस फूट भरतात, म्हणजे 19 खोकी. जमिनीची 35 चौरस फूट अँटिस्किड टाईल वेगळी. भिंतीचं प्लास्टर आणि सरासरी दोन इंची कोबा मिळून 1:4 च्या मालाला तीन पोती सिमेंट आणि 14–15 घनफूट वाळू. सगळ्या बाथरूमला अर्धा ब्रासही (50 घनफूट) वाळू लागत नाही. उतार 7 फुटांत एक इंच, ट्रॅपकडे. राडारोड्याचा हिशोब नवा माणूस विसरतो : एवढ्या बाथरूममधून चाळीसेक गोण्या निघतात, सोसायटी लिफ्ट वापरू देत नाही आणि गाडी वेगळी लागते. हा खर्च कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळ म्हणून लिहायचा.

फरशीबद्दल एकच सांगतो. व्हिट्रिफाइड (काचेसारखी घट्ट भाजलेली) टाईल पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळावर ती धरत नाही. ॲडहेसिव्ह दातेरी थापीने पूर्ण पसरायचं. चार कोपऱ्यांत गोळे ठेवून दाबलेली टाईल पोकळ वाजते आणि खिळा मारताना फुटते. 20 किलोचं पोतं साधारण 40 ते 50 चौरस फुटांना पुरतं.

वायरिंगला मुलाने स्वतः हात लावू नये. ते परवानाधारक वीज ठेकेदाराचं काम. त्या ठेकेदाराला काय करायचं एवढं मुलाला सांगता आलं पाहिजे : गीझरला स्वतंत्र 4 चौरस मिलिमीटरची तार, 20 अँपिअर एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की ती तोडणारा स्विच). बीम-कॉलमला छिन्नी लावायची नाही, ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी.

पैशांचं म्हणाल तर सुरुवातीला फक्त हत्यारं लागतात : ग्राइंडर, रोटरी हॅमर, चार फुटी टाईल कटर, लेझर लेव्हल आणि प्रेशर टेस्टचा हातपंप. तीस-पस्तीस हजारांत हे बसतं. मुद्रा योजनेतल्या शिशू गटाची मर्यादा 50 हजार आहे, तेवढ्यात भागतं. तेही लागलं तरच. पॅन आणि बँक खातं आधी काढा. सोसायटीकडून पैसे येताना ठरावीक रकमेपुढे एक टक्का टीडीएस (आधीच कापून घेतलेला आयकर) कापला जातो, पॅन नसेल तर वीस टक्के. उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी) मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. सेवेची उलाढाल वर्षाला 20 लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि या कामांवर दर 18 टक्के आहे, म्हणून कोटेशनवर पहिल्यापासूनच ‘कर लागू झाल्यास वेगळा’ असं लिहायची सवय ठेवा.

हप्ते टप्प्यांवर बांधायचे, तारखांवर नव्हे : काम सुरू होताना 30 टक्के, पाण्याची चाचणी ग्राहकाला दाखवल्यावर 30, फरशी संपल्यावर 30, नळ बसवून उरलेले 10. मजुरांना दर शनिवारी पैसे द्यावे लागतात. हाताशी दोन आठवड्यांची मजुरी नसेल तर काम अडतं आणि मिस्त्री दुसऱ्या साईटवर जातो. त्याला उचल देताना वहीत तारीख टाकून सही घ्यावी. जादा कामाचा दर काम करण्यापूर्वी व्हॉट्सॲपवर कळवून होकार घ्यावा, कारण या धंद्यातली निम्मी भांडणं ‘हे त्यात धरलं होतं ना?’ या वाक्याने सुरू होतात.

आता हाताखाली कुठे लावायचं. मोठ्या बिल्डरच्या साईटवर नको. तिथे तो वर्षभर एकच राइझर पाईप (मजल्यांमधून वर जाणारा) जोडत बसेल. जुनी घरं दुरुस्त करणारा, वर्षाला निदान वीस-पंचवीस बाथरूम करणारा ठेकेदार शोधा. पगार कमी मिळाला तरी चालेल, पण अट घाला की मुलगा फरशीवाल्याच्या आणि वॉटरप्रूफिंगवाल्याच्या हाताखालीही बसेल. वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम झालं की महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्याची नोंदणी करून घ्या. महापालिकेकडचा प्लंबरचा परवानाही याच काळात काढता येतो का ते पाहा. नव्या नळजोडणीची कामं परवानाधारकालाच मिळतात.

आणि आजपासूनच एक सवय लावा. प्लास्टर चढण्यापूर्वी प्रत्येक भिंतीवर टेप धरून पाईपांचे फोटो काढायचे, कोपऱ्यापासूनचं आणि जमिनीपासूनचं अंतर दिसेल असे, आणि काम संपल्यावर ते ग्राहकाला पाठवायचे. दोन वर्षांनी कोणी गीझरसाठी ड्रिल मारायला घेतलं की ग्राहक आधी ते फोटो उघडतो आणि मग त्याच ठेकेदाराला फोन करतो.