सीटखाली पेट्रोलची बाटली नको रे

वाळपईहून चोर्ला घाट चढायचा म्हणून पाण्याच्या बाटलीत पेट्रोल भरून स्कूटरच्या सीटखालच्या डिकीत ठेवू नकोस, कळकळीने सांगतो. डिकीखालीच इंजिन तापतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तिथेच साचते, मग एक ठिणगी पुरे.

मुळात गरजच कितीशी? 5 लिटरची टाकी भरली की साधारण 200 किलोमीटर जाशील. पत्रादेवी ते पोळे अख्खा गोवा त्यात पार होतो. निघतानाच टाकी भर.

न्यायचंच असेल तर इंधनासाठीच बनवलेला घट्ट झाकणाचा कॅन घे. तो जमिनीवर ठेवूनच भर, हातात धरून नाही, स्थिर विजेचा धोका असतो. वर थोडी जागा सोड, उन्हात पेट्रोल फुगतं. मागच्या कॅरिअरवर उभा, घट्ट बांध. ओतण्याआधी इंजिन बंद करून निवू दे.