घशातील स्ट्रेप्टोकोकसच्या निरोगी वाहकांना औषध देऊन साथ टाळता येते का?

शाळेतील सर्व मुलांच्या घशाची तपासणी करून ज्यांच्यात स्ट्रेप्टोकोकस हा जीवाणू सापडेल त्या सर्वांना प्रतिजैविके दिल्यास घसादुखीची साथ टळेल का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर बहुतांशी नकारार्थी आहे.

शाळकरी मुलांत १० टक्के, आणि काही वेळा त्याहूनही अधिक मुलांच्या घशात ‘अ’ गटाचा स्ट्रेप्टोकोकस कोणतेही लक्षण नसताना महिनोन्‌महिने टिकून असतो. अशा वाहकाकडून संसर्ग पसरण्याची शक्यता बरीच कमी असते, आणि एएसओसारख्या, म्हणजे या जीवाणूविरुद्ध शरीर तयार करते त्या, प्रतिपिंडांची पातळी त्याच्या रक्तात वाढत नसल्यामुळे त्याला स्वतःलाही रुमॅटिक तापाचा (या घसादुखीनंतर सांधे व हृदयाला इजा करणाऱ्या आजाराचा) धोका फारसा नसतो. साथ पसरवतो तो मुख्यतः ताप व घसादुखी नुकतीच सुरू झालेला रुग्ण. सुमारे १९५० साली अमेरिकेतील वायोमिंगच्या वॉरन हवाई तळावर पेनिसिलिनने रुमॅटिक ताप टळतो हे दिसून आले, तेही आजारी सैनिकांवर उपचार करूनच.

तपासणीची अडचण वेगळीच आहे. सर्दीच्या विषाणूने घसा दुखणारे मूल वाहक असेल, तर त्याचा कल्चर (घशातील नमुन्यातून जीवाणू वाढवून पाहण्याची तपासणी) अहवालही सकारात्मकच येतो, आणि नेमके दुखणे कशाचे हे त्या कागदावरून ठरत नाही. शिवाय या जीवाणूत पेनिसिलिनविरोधी प्रतिकार आजवर आढळलेला नसला, तरी वाहकाच्या घशातून त्याला हटवण्यात पेनिसिलिन अनेकदा अपयशी ठरते (वैद्यकातील हे एक विचित्रच कोडे आहे). क्लिंडामायसिनचा दहा दिवसांचा क्रम अधिक परिणामकारक असला, तरी त्यातून आतड्यांचा गंभीर संसर्ग उद्भवू शकतो. धडधाकट मुलाला त्या धोक्यात सरसकट घालणे मला पटत नाही.

अपवाद मात्र आहेत. वसतिगृह किंवा सैनिकी छावणीसारख्या बंदिस्त समूहात घसादुखीची साथ आवरेनाशी झाली, परिसरात रुमॅटिक ताप, स्ट्रेप्टोकोकसनंतरचा मूत्रपिंडदाह किंवा रक्तात व ऊतींत शिरणारा गंभीर संसर्ग यांचा उद्रेक झाला, अथवा घरात कुणाला पूर्वी रुमॅटिक ताप येऊन गेलेला असला, तर वाहक शोधून त्यांच्यावर उपचार करण्याचा विचार होतो. शस्त्रक्रियेनंतर एकाच विभागातील एकाहून अधिक रुग्णांच्या जखमांत हा जीवाणू सापडला, तर कर्मचाऱ्यांमधील वाहक शोधावाच लागतो, आणि तेव्हा केवळ घसा तपासून भागत नाही. त्वचा, गुदद्वार व योनिमार्ग येथेही तो दडलेला असू शकतो.